वाजीकरण, वाजीकर, वृष्य : कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : उडीद, खाजकुयलीच्या बिया, आसंध, जायफळ अशा कामेच्छा वाढवतात म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पदार्थांवरच्या लेखाला 'वाजीकरण पदार्थ' हे शीर्षक चालेल का, की सरळ 'उत्तेजक पदार्थ' म्हणावे?

'उत्तेजक पदार्थ' नकोच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खेळाडूची चाचणी आणि बंदी उभी राहील. 'कामोत्तेजक' लिहिले तर घोटाळा मिटतो, पण त्यातून लगेच चेतवणारे असे काहीतरी सूचित होते. उडदाच्या लाडवाकडून ती अपेक्षा कशाला?

'वाजीकरण' हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एका अंगाचे नाव. वाजी म्हणजे घोडा. जो वाजी नाही त्याला वाजी करणे, ते वाजीकरण. 'शुद्धीकरण'सारखीच ही घडण, म्हणून 'जी' दीर्घ, 'वाजिकरण' चूक. मूळ शब्द मात्र 'वाजिन्', त्यामुळे साध्या समासात तो ऱ्हस्व होतो : वाजिशाला, वाजिगंधा. वाजिगंधा म्हणजे अश्वगंधा, आपली आसंध. तिच्या नावातला घोडा ताकदीचा नव्हे, मुळीला येणाऱ्या वासाचा. इथे बरेच जण फसतात.

संस्कृतात 'ज्याने केले जाते ते साधन' या अर्थानेही 'करण' चालते. मराठी कानाला मात्र ती क्रियाच वाटते. म्हणून उपचार तो वाजीकरण आणि पदार्थ तो वाजीकर.

खरी गंमत पुढे आहे. आपण एका गोणीत भरतो ते पदार्थ शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाने वेगवेगळे ठेवले आहेत. हर्ष, म्हणजे इथे कामेच्छा, उत्पन्न करते ते वाजीकर, उदाहरणार्थ नागबला आणि कपिकच्छूचे बी, म्हणजेच खाजकुयली. शुक्र, म्हणजे पुरुषाचे रेत, वाढवते ते शुक्रल : अश्वगंधा, मुसळी, साखर, शतावरी. दूध आणि उडीद शुक्र उत्पन्नही करतात आणि प्रवृत्तही करतात, म्हणजे बाहेर पडायला लावतात. जायफळ मात्र स्तंभक, म्हणजे शुक्र रोखून धरणारे. आणि हिरडा तर शुक्र शोषणारा! तेव्हा जायफळाला 'इच्छा वाढवणारे' म्हणणे या वर्गवारीत बसत नाही. (त्याचे प्रमाणही चिमटीचेच ठेवावे. चमचाभर पूड पोटात गेली तर मळमळ, धडधड, भ्रम होऊ शकतो.)

'वृष्य' हा शब्द सगळ्यांत व्यापक. 'वृष' म्हणजे बैल, आणि 'वृष्' धातूचा अर्थ वर्षाव करणे. चरकाची व्याख्या पाहा :

यत्किञ्चिन्मधुरं स्निग्धं जीवनं बृंहणं गुरु ।
हर्षणं मनसश्चैव सर्वं तद्वृष्यमुच्यते ॥

गोड, स्निग्ध, जीवन देणारे, अंग भरणारे, पचायला जड आणि मनाला आनंद देणारे ते सगळे वृष्य. 'गुरु' या शब्दाकडे काणाडोळा करू नका. ज्याला साधे वरणही पचत नाही त्याने तुपातले उडदाचे लाडू खाल्ले तर पोट तेवढे फुगेल. चरकानेही आधी शरीर शुद्ध करून, मग योग्य वेळी आणि मोजके खायला सांगितले आहे.

आणखी एक खड्डा 'वीर्य' या शब्दाचा. रोजच्या बोलण्यात वीर्य म्हणजे शुक्रच. 'उडीद उष्णवीर्य आहे' यातले वीर्य म्हणजे द्रव्याची कार्यशक्ती, शीत किंवा उष्ण. त्यावरून 'वीर्यवर्धक' असा निष्कर्ष काढता येत नाही. उडीद शुक्र वाढवतो असे ग्रंथ म्हणतात, पण ते वेगळ्या शब्दांत.

शीर्षक 'वाजीकर मानलेले पदार्थ' असे करा. 'मानलेले' गाळू नका, कारण ग्रंथात नोंद असणे वेगळे आणि परिणाम सिद्ध होणे वेगळे. जायफळ यादीत ठेवायचेच असेल तर त्याच्यापुढे कंसात 'स्तंभक' लिहा.