कायद्याचं बोलू : न्यायाधीशाला राजकारण चालतं का?

प्रश्न : मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. नॉर्वेच्या पोल बर्ग यांच्याबद्दल वाचून तिच्या डोक्यात बसलंय की न्यायाधीश, कायद्याची अभ्यासक आणि मंत्री, तिन्ही व्हायचं. आमच्या घरात नगरसेवक होऊन गेलेत, म्हणून धास्ती वाटते. राजकारण केलेल्या न्यायाधीशावर कोण विश्वास ठेवणार? – एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : धास्ती रास्त आहे. पण बर्ग यांचं उदाहरण मुलीच्याच बाजूने जातं, हे आधी सांगून टाकतो.

बर्ग लिबरल पक्षाचे. 1919-20 मध्ये समाजकल्याण मंत्री, 1924 ते 26 कायदामंत्री आणि 1929 पासून सरन्यायाधीश. मला मात्र त्यांचं कामगार न्यायालय जास्त जवळचं. नॉर्वेने 1915 च्या कायद्यात तंटे सरळ दोन भागांत वाटले. झालेल्या कराराचा अर्थ काय, हे न्यायालय ठरवणार. नव्या करारात पगार किती वाढवायचा, यासाठी सरकारी मध्यस्थ. त्या न्यायालयाचे पहिले अध्यक्ष बर्ग. पुढे त्यांनी कामगार कायद्यावर ग्रंथही लिहिला. सातपूरच्या युनियनची कामं करताना मला ही वाटणी फार आठवायची. करारावर सह्या होतात, पेढे वाटले जातात, आणि महिनाभरात ‘सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर कॅन्टीन भत्ता मिळणार का’ यावरून गेट मीटिंग! ती भांडणं कलमाच्या एका ओळीवरची असत, पण दोन्ही बाजू तावातावाने पगारवाढीवर घसरत.

आता विश्वासाचं. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. जर्मनांना सामील झालेल्या क्विसलिंग या नॉर्वेच्याच नेत्याला बाजूला सारून कारभार पाहायला प्रशासकीय परिषद नेमली गेली, ती नेमण्यात बर्ग पुढे होते. तो शत्रूशी समझोताच होता, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण जर्मन प्रशासक टेरबोव्हेनने बजावलं की आमचे हुकूम कायदेशीर आहेत का, हे न्यायालयाने तपासायचं नाही. तेव्हा डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी सामुदायिक राजीनामे दिले. बर्ग पुढे भूमिगत प्रतिकाराच्या नेतृत्वात गेले. 1945 मध्ये राजाने त्यांना सरकार बनवायला सांगितलं. पक्षांचं जुळलं नाही, पंतप्रधान झाले गेरहार्डसन.

म्हणजे दोनदा मंत्री राहिलेला माणूस वेळ आली तेव्हा खुर्चीला चिकटला नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. एच. आर. खन्नांनी 1976 मध्ये आणीबाणीत एकट्याने सरकारच्या विरोधात निकाल दिला, ज्येष्ठता डावलली गेल्यावर राजीनामा दिला, आणि 1982 मध्ये ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. त्यांच्या निकालाला त्यामुळे कुणी राजकारणी म्हटलं नाही.

एक व्यवहाराचं. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. तेवढा वेळ तिला कामगार कोर्टात घालवू द्या. घरातल्या कुणाच्या प्रचारात मात्र तिला उतरवू नका. न्यायाधीश झाल्यावर पक्षाचं काम चालत नाही, आणि नाशकात कोण कोणाच्या गाडीत बसलं होतं, हे लोक विसरत नाहीत.