बरोक (साधारण 1600 ते 1750 मधलं युरोपीय संगीत) गाणारी जर्मन सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीची गायिका) सिमोने केर्मेस कोण आहे? सुरुवात कुठून करू?

जन्म 1965, लाइपझिग, म्हणजे तेव्हाचा पूर्व जर्मनी. शिक्षणही तिथेच. 1990 च्या दशकात मेंडेल्सोन आणि बाख स्पर्धांत बक्षिसं मिळाली, पण खरं नाव झालं ते पुढे, वाद्यवृंद-संचालक अॅलन कर्टिससोबत हॅन्डेलच्या 'रोडेलिंडा' या ऑपेरात मुख्य भूमिका गायली तेव्हा. 2011 मध्ये एको क्लासिक हा जर्मन संगीत पुरस्कार मिळाला, 2017 मध्ये तिने स्वतःचा वाद्यवृंदही काढला.

ऐकायचं असेल तर थेट 'लावा' (2009) हा अल्बम लावा. पेर्गोलेसी, पोर्पोरा, हासे अशा नेपल्सच्या परंपरेतल्या रचनाकारांच्या आरिया (ऑपेरातली एकल गाणी) आहेत. अशा आरियात पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, आणि तिथे गायिकेने स्वतःची भर घालायची असते. केर्मेस तिथे हात राखत नाही: सुसाट ताना, मध्येच वरच्या टिपेला उडी, आणि पुढच्याच ओळीत श्वासाइतका बारीक आवाज. काहींना हे अति वाटतं, रंगीबेरंगी पोशाख आणि स्टेजवरचा धिंगाणा तर त्याहून जास्त. मला विचाराल तर या संगीताला एवढा मसाला चालतो. फक्त एका बैठकीत अख्खा अल्बम ऐकू नका, कान थकतात.