आधी पाणी, मग औषध

कोथरूड, पुणे
बुधवार, एप्रिलअखेर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तिन्ही छायाचित्रे मिळाली. तुझ्या अ‍ॅक्सोलॉटलने (जन्मभर कल्ल्यांसह पाण्यातच राहणाऱ्या त्या उभयचराने) रविवारपासून अन्नाला तोंड लावलेले नाही, डाव्या बाजूच्या एका कल्ल्यावर कापसासारखे पांढरे काहीतरी आले आहे, कल्ले पुढच्या बाजूला वळले आहेत आणि शेपटीचे टोक वाकडे झाले आहे, असे लिहून दुकानातून आणलेले औषध पाण्यात घालू का, असे तू विचारले आहेस. शेवटी, जणू महत्त्वाचे नाही अशा थाटात, आणखी दोन वाक्ये आहेत : टाकीतले पाणी २७ अंश आहे, आणि गेल्या शुक्रवारी तू टाकी 'अगदी स्वच्छ' केलीस, फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली घासून धुतलास. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला छायाचित्रांपेक्षा या दोन वाक्यांत अधिक सापडले.

मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली औषधाची बाटली कृपया अजून उघडू नकोस. माशांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक औषधांत तांबे, मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मॅलिन असते. माशाला खवल्यांचे थोडेफार कवच असते, पण उभयचर प्राण्याची त्वचा पातळ आणि शोषून घेणारी असल्यामुळे तीच मात्रा त्याला बाधते. आजी पाण्यात चिमूटभर हळद टाकायला सांगत असतील, तर त्यांना माझा नमस्कार सांगून तेवढे मात्र टाळ.

आता स्पंजाविषयी. त्या स्पंजात नुसती घाण नसते, तर प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथे वस्ती करून असतात. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो आणि क्लोरीनच्या पाण्याखाली घासून धुतल्यावर तिचे मोठे नुकसान होते. शुक्रवार ते रविवार या दोन दिवसांत तुझ्या टाकीत अमोनिया साचला असणार, असा माझा अंदाज आहे. पाणी जितके गरम, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी कोंडी. अशक्त झालेल्या प्राण्यावर पाण्यात एरवीही असणारी सॅप्रोलेग्नियासारखी पाणबुरशी मग सहज बसते. तू ज्याला रोग म्हणतेस तो बहुधा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी स्वतः महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले गोल्डफिश याच उत्साहाने गमावले होते, आणि त्या दिवशीही शुक्रवारच होता.

शुक्रवारचे कारण पुणेकराला सांगायला नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिले की शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने आणि पुष्कळदा गढूळ येते, आणि त्यात इमारतीच्या टाकीत टँकरचे पाणी मिसळले असेल तर त्याचा जडपणाही वेगळाच असतो. उद्या गुरुवार आहे आणि पाणी बंद असल्याचे जाहीर झाले आहे, म्हणून हे पत्र वाचून होताच चार बादल्या भरून ठेव. त्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण) बाटलीवरच्या प्रमाणात घाल. कोरफडीचा अर्क असलेले मात्र घेऊ नकोस. क्लोरीन एक दिवस उघड्या बादलीत उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल तर तो असा जात नाही, त्यामुळे नुसत्या पाणी शिळे करण्यावर या वेळी विसंबू नये.

आज रात्रीच त्याला टाकीतून काढून सुमारे दहा लिटर पाणी मावेल अशा स्वच्छ, साबण न लागलेल्या टबात ठेव. जाळीने पकडू नकोस, कारण बोटे आणि कल्ल्यांचे तंतू तिच्यात अडकतात. पाण्यात डबा आडवा धरून त्याला आत शिरू दे. टबाला झाकण हवे, पण हवा जायला फट असू दे, आणि वर एखादे गडद कापड टाक, कारण त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत. टबात फिल्टर नको. त्याऐवजी दररोज सगळे पाणी बदलायचे. नवे पाणी त्याच तापमानाचे असले पाहिजे, एवढे एक पथ्य मोडू नकोस.

तापमान हा खरा मुद्दा आहे आणि इथे घाई घातक ठरते. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को परिसरातल्या थंड कालव्यांचा. त्याला १६ ते १८ अंश मानवते आणि २२च्या वर तो झिजू लागतो. म्हणून २७ अंशांच्या पाण्यातून त्याला थेट १७ अंशांच्या पाण्यात टाकणे हा उपचार होत नाही, तो धक्का होतो. तासाला एखादा अंश या बेताने तापमान उतरव. सुटा बर्फ टाकू नकोस, बंद बाटली वापर. दोनशे मिलिलिटर पाणी गोठवलेली एक बाटली दहा लिटर पाणी साधारण दोन अंशांनी थंड करते, त्यामुळे लिटरची बाटली टबात सोडलीस तर काय होईल याचा हिशेब तूच कर. टबाला बाहेरून थर्माकोल लाव आणि झाकणाच्या फटीतून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा लहान पंखा ठेव. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पंख्याखालचे पाणीही दोन-तीन अंश उतरते. एप्रिलच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, जुलैच्या दमट हवेत ती जवळजवळ निकामी होते. तेव्हा हा प्राणी पुण्यात पुढेही पाळायचा असेल, तर चिलरसाठी (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रासाठी) पैसे बाजूला काढायला आतापासूनच लाग. काहीजण आजारी अ‍ॅक्सोलॉटलला थेट फ्रीजमध्ये ठेवतात. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय तू ते करू नयेस असे माझे मत आहे, आणि कोथिंबिरीशेजारी त्याचा डबा पाहून तुझ्या आईचे मतही माझ्याहून वेगळे असणार नाही.

दोन दिवस थंड, स्वच्छ पाण्यात काढूनही कापूस तसाच राहिला, तर मिठाच्या पाण्याचा उपाय करता येतो. वेगळ्या भांड्यात, त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात आयोडीन नसलेल्या मिठाचे दोन सपाट छोटे चमचे पूर्ण विरघळवून त्याला दहा मिनिटे ठेवायचे, आणि तो तडफडू लागला तर त्याआधीच बाहेर काढायचे. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि तीन-चार दिवसांहून अधिक नाही, कारण मीठ बुरशीइतकेच कल्ल्यांनाही लागते. वाळून गळलेले देशी बदामाचे पान धुऊन टबात टाकले तरी चालेल. त्यातले टॅनिन बुरशीला सौम्यपणे रोखते आणि पाणी चहासारखे होते, त्याने घाबरू नकोस. मात्र ज्या झाडावर फवारणी होते त्याचे पान नको.

कल्ले आखूड होत आहेत म्हणजे तो आता जमिनीवरचा सॅलमँडर (पालीसारख्या आकाराचा उभयचर) होणार का, असे तू काहीशा आनंदाने विचारले आहेस. असे क्वचित घडते, हे खरे. १८६५ साली पॅरिसमध्ये ऑग्यूस्त द्युमेरिल यांनी पाळलेल्या अ‍ॅक्सोलॉटलांच्या काही पिल्लांचे कल्ले गेले आणि ती जमिनीवरच्या प्राण्यांसारखी झाली, तेव्हा ते चकित झाले होते. पुढे थायरॉइडच्या संप्रेरकाचा यातला वाटा स्पष्ट झाला, आणि आयोडीन त्याच संप्रेरकाचा घटक असल्यामुळे मिठाबाबतचा तो जपून राहण्याचा सल्ला दिला जातो. पण तुझ्या प्राण्याचे कल्ले आखडले आहेत ते गरम आणि खराब पाण्याने. पाणी सुधारले की तंतू पुन्हा वाढतात. हरवलेला पाय नव्याने उगवणाऱ्या प्राण्याला हे काम अवघड नाही.

खाण्याची चिंता इतक्यात नको. वाढलेला अ‍ॅक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहू शकतो, आणि टबात न खाल्लेला तुकडा सडला तर केलेले सगळे वाया जाते. तीन दिवसांनी गांडुळाचा लहान तुकडा चिमट्याने तोंडासमोर हलवून बघ, आणि अर्ध्या तासात घेतला नाही तर काढून टाक. सोसायटीच्या खतातली लाल गांडुळे कडवट स्राव सोडतात, त्यामुळे ती थुंकून दिली तर त्याला आजाराचे लक्षण समजू नकोस.

इकडे टाकी रिकामी करू नकोस. फिल्टर चालू ठेव आणि थेंबांचा चाचणी संच आणून अमोनिया व नायट्राइट रोज मोज. दोन्ही शून्य आणि नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय तो टाकीत परत जाणार नाही. छायाचित्रात तळाशी रंगीत खडे दिसतात, तेही काढ. हा प्राणी तोंडाची पोकळी करून पाण्यासकट भक्ष्य ओढतो, त्यात खडा गेला की आतडे तुंबते. यापुढे स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा.

त्याच्या पायांवर किंवा पोटावर लाल चट्टे दिसले, तो उलटा तरंगू लागला किंवा कापूस अंगावर पसरला, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे ने. प्रतिजैविकाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून पाण्याच्या डब्यासकट त्याचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून, नुसत्या पाण्याच्या डब्याचे वजा करून लिहून ठेव. नेताना सकाळी लवकर, थर्माकोलच्या पेटीतून ने. हा प्राणी साइट्सच्या (संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ती अजून झालेली नसेल तर तो बरा झाल्यावर लगेच कर.

एक वही कर. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा या वेळांचे तापमान, अमोनिया, आणि कल्ले पुढे वळलेले आहेत की मागे, इतकेच लिही. दुपारचे तीन महत्त्वाचे आहेत, कारण तू तेव्हा महाविद्यालयात असतेस आणि तुझी खोली पश्चिमेकडची आहे. तेवढी नोंद आईला करायला सांग. शुक्रवारी नळाला पाणी आले की ते लगेच टबासाठी घेऊ नकोस, भरून ठेवलेल्या बादल्यांवर तो दिवस काढ, आणि संध्याकाळी वहीच्या पानाचे छायाचित्र मला पाठव.

तुझे
सर

ता. क. बादल्या झाकून ठेव. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भरलेल्या बादलीत रात्रीतून पाल पडली होती.