उन्हाळ्यातला उल्कावर्षाव घरून बघता येतो का? मला तासाभरात दोनच उल्का दिसल्या, माझं काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की बातमीत 'तासाला शंभर उल्का' वाचून रात्री साडेनऊला गच्चीत गेलात, तासभर मान वर करून उभे राहिलात आणि दोनच दिसल्या. त्यातही एक बहुधा विमान होतं. तुमचं फार काही चुकलेलं नाही. तो शंभरचा आकडाही खोटा नाही, फक्त तो तुमच्या गच्चीचा नाही.

तुम्ही बघायला गेलात तो ययाती तारकासमूहातला वर्षाव, म्हणजे पर्सिड. १७ जुलैच्या आसपास सुरू होतो, २४ ऑगस्टपर्यंत रेंगाळतो आणि १२-१३ ऑगस्टच्या रात्री भरात येतो. (त्याला उन्हाळी म्हणतात ते उत्तरेकडच्या थंड देशांच्या हिशेबाने. तिथे ऑगस्ट म्हणजे उन्हाळा.) आता शंभर आकडा कुठून येतो ते बघा. उल्का आकाशात ज्या बिंदूपासून फुटून बाहेर पडल्यासारख्या वाटतात, तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, आकाश इतकं काळं आहे की ६.५ प्रतीचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) अंधुक तारेही दिसतायत, समोर झाड नाही, इमारत नाही, ढग नाही, असं सगळं धरलं तर एका माणसाला तासात जितक्या दिसतील तो हा आकडा. अशी गच्ची माझ्या बघण्यात नाही.

तुमच्यासाठी हिशेब मांडू. समजा उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवर आलाय. तेवढ्यानेच शंभराचे पन्नास होतात. त्यात शहरातून जेमतेम चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. या वर्षावात अंधुक उल्का ठळक उल्कांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि नेमक्या त्याच दिव्यांच्या उजेडात बुडतात. आकाश अडीच प्रतींनी उजळ असलं की दिसणाऱ्यांची संख्या साधारण सातपटीने घटते. पन्नास भागिले सात, म्हणजे तासाला सात. आजूबाजूच्या इमारतींनी अर्धं आकाश खाल्लं असेल तर तीन-चार. साडेनऊला उगमबिंदू बहुतेक ठिकाणी क्षितिजाला टेकलेला किंवा त्याच्याही खाली असतो. तेव्हा दोन दिसल्या म्हणजे नशीब चांगलं होतं म्हणा.

म्हणून पहिला बदल वेळेचा. मध्यरात्रीनंतर बसा, जमलं तर दोन ते पहाट. पावसात पळणाऱ्याची छाती आधी भिजते आणि पाठ बराच वेळ कोरडी राहते, तसंच हे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते आणि मध्यरात्रीनंतर आपण तिच्या छातीच्या बाजूला येतो. उगमबिंदूही तोवर वर चढलेला असतो. संध्याकाळी बसण्यात एकच मजा आहे: उगमबिंदू क्षितिजाजवळ असताना एखादी उल्का वातावरणाला तिरकी घासून जाते आणि अर्धं आकाश कापते. अशी एक दिसली तरी बसणं वसूल, पण तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरा बदल अंधाराचा. लोक इथे लगेच 'गावाबाहेर जा' म्हणतात. जाता आलं तर उत्तमच, पण तुम्ही घरून विचारलंय. शहराच्या आकाशाचा उजेड तुम्हाला घालवता येत नाही, डोळ्यांत थेट घुसणारा दिवा मात्र अडवता येतो. आमच्या समोरच्या इमारतीवर एक पांढरा फ्लडलाइट आहे. मी पहिल्या वर्षी त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो आणि उल्कांवर चिडत होतो. आता पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकतो. टाकीमुळे दक्षिणेचं आकाश जातं, जाऊ दे. घरातल्यांना सांगून जिन्यातला दिवा बंद करून घ्या, नाहीतर कोणीतरी 'दिसली का?' विचारायला येतं आणि जाताना तुमची वीस मिनिटं घेऊन जातं.

वीस मिनिटं अशासाठी की डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं घेतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलातलं अंधारात बघायचं रसायन हळूहळू साठतं आणि पांढऱ्या उजेडाने क्षणात उडतं. मोबाइल हा इथला खरा शत्रू. 'एकच मेसेज बघतो' म्हणून पडदा उघडलात की पुन्हा शून्यापासून सुरुवात. किती वाजले हे बघायलाच हवं असेल तर टॉर्चवर लाल कागद बांधून साध्या घड्याळात बघा.

दुर्बीण नको. मी पहिल्यांदा अभिमानाने मित्राची दुर्बीण मागून आणली आणि दीड तास आकाशाचा रुपयाएवढा तुकडा न्याहाळत बसलो. माझ्या शेजारी नुसती लोळत पडलेली पुतणी 'ती बघ, ती बघ' करत राहिली. मी दुर्बीण तिकडे वळवेपर्यंत अर्थातच काही उरत नसे, बहुतेक उल्का सेकंदभरही टिकत नाहीत. तेव्हा आडवे व्हा. उभं राहून मान दहा मिनिटांत दुखते आणि दुखरी मान माणसाला खाली घेऊन जाते.

कुठे बघायचं? उगमबिंदू ययाती तारकासमूहात, शर्मिष्ठेच्या जवळ आहे. शर्मिष्ठा ओळखायला सोपी, ईशान्येला पाच ताऱ्यांचं मोडकं 'एम'. तिच्या खालून ययाती उगवतो आणि पलीकडे देवयानी पसरलेली असते. ज्याने कोणी ही मराठी नावं ठेवली त्याने त्या तिघांचं भांडण कायमचं आकाशात टांगून ठेवलंय. पण त्या बिंदूकडेच टक लावू नका. तिथल्या उल्का थेट आपल्या दिशेने येत असल्यामुळे आखूड दिसतात, कधी नुसता ठिपका. त्यापासून ४०-५० अंश बाजूला, आकाश जिथे सगळ्यात काळं असेल तिथे नजर सैल सोडा. सैल म्हणतो कारण अंधुक उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो, रोखून पाहिलं की निसटतो. उल्का दिसली की तिची रेघ मनातल्या मनात मागे ताणा. ययातीकडे पोचली तर या वर्षावातली, नाही पोचली तर भटकी. भटक्या उल्का वर्षभर कुठूनही येतात, त्याही मोजा, पण वेगळ्या.

मला अजून आठवते ती एक, पहाटे पावणेचारच्या सुमाराची. पाऊण तास काहीच नव्हतं, मी उठून चटईची घडी घालायला लागलो होतो. कठड्याची सावली पायाजवळ पडलेली दिसली, विजेला पडते तशी, आणि वर पाहिलं तर उल्का संपलेली होती. तिची खूण मात्र होती: ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेली खडूची रेघ असावी तशी एक हिरवट-पांढरी पट्टी, तीनेक सेकंद. मग ती मधूनच विरली. ती हिरवट छटा बऱ्याचदा ऑक्सिजनच्या अणूंची असते, दगडाची नव्हे. आपण जे बघतो त्यात दगड तसा नसतोच म्हणा. वाळूच्या कणापासून वाटाण्यापर्यंतचं काहीतरी सेकंदाला ५९ किलोमीटरने घुसतं, साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर हवेच्या रेणूंच्या टकरींनी त्याची वाफ होते, आणि ती वाफ व भोवतालची हवा चमकते. एवढ्याशा कणाची कठड्यापर्यंत पोचणारी सावली! (ही मोठ्यांपैकी असणार, पण जमिनीवर काही पोचलं असेल असं समजू नका.)

हे कण स्विफ्ट-टटल धूमकेतूचे. लुईस स्विफ्ट आणि होरेस टटल यांनी १८६२ च्या जुलैत तो दोन-तीन दिवसांच्या अंतराने वेगवेगळा शोधला, आणि १८६६ च्या सुमारास इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी स्कियापारेल्ली यांनी दाखवलं की ऑगस्टच्या उल्का त्याच्याच वाटेवरून येतात. उल्कावर्षावाचा बाप सापडण्याची ती पहिली वेळ. धूमकेतू १३३ वर्षांनी फेरी मारतो, १९९२ मध्ये येऊन गेला, आता २१२६ मध्ये. धूळ मात्र त्याच्या वाटेवर शतकानुशतकं सांडलेली आहे आणि पृथ्वी दर ऑगस्टला त्यातून जाते.

तारीख पक्की असली तरी चंद्र पक्का नसतो. आधी कॅलेंडरात तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास वर्षाव आला तर मी सरळ झोपतो. २०२६ मध्ये १२ ऑगस्टलाच अमावास्या आहे, त्या दिवशी स्पेन आणि आइसलंडमधून खग्रास सूर्यग्रहणही दिसतं. म्हणजे रात्रभर चंद्र नाही. रजा टाकायची असेल तर ती टाकण्याजोगी तारीख आहे.

ऑगस्टात ढगच असतात अशा ठिकाणी तुम्ही राहत असाल तर ५-६ मेच्या पहाटेचा ईटा अ‍ॅक्वेरिड हा उल्कावर्षाव बघा. कुंभ राशीतून येतो, धूळ हॅलेच्या धूमकेतूची, वेग सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर. उजाडण्याआधीचे दोनेक तासच मिळतात, पण विषुववृत्ताकडे आणि दक्षिणेकडे राहणाऱ्यांना तो उत्तरेकडच्यांपेक्षा चांगला दिसतो. हॅले स्वतः २०६१ मध्ये येईल, तोवर त्याच्या चुऱ्यावर भागवायचं.

फोटोचं थोडक्यात: एका फोटोत चाळीस उल्का दिसल्या तर तो कित्येक तासांचे फोटो एकमेकांवर चढवून केलेला असतो. तसं आकाश दिसेल या अपेक्षेने गच्चीत जाऊ नका.

आणि तुमची ती दुसरी. दिवा लुकलुकत होता का? मग विमान. न लुकलुकता एका चालीने पाच-दहा सेकंद किंवा जास्त सरकत राहिली असेल तर उपग्रह. शेजारच्याला 'ती बघ' म्हणायला वेळ मिळाला असेल तर बहुतेक उल्का नव्हतीच.