विहिरीवरील ५ एचपीची मोटर म्हणजे नेमके किती किलोवॅट?

आपण विचारले आहे की, ५ एचपीला ७४६ ने गुणून येणारे उत्तर आणि विजेच्या मीटरवर दिसणारा वापर यांत तफावत का पडते. आपला गुणाकार बरोबरच आहे. एक अश्वशक्ती (एचपी) म्हणजे सुमारे ७४६ वॅट, त्यामुळे ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट होतात आणि मोटरच्या नेमप्लेटवरही बहुधा ‘३.७ किलोवॅट / ५ एचपी’ असेच छापलेले असते. मात्र हा आकडा मोटर आपल्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) पंपाला किती शक्ती देते याचा आहे; तारेतून ती किती वीज ओढते, याचा नाही.

मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण भारावर ३.७३ किलोवॅट देण्यासाठी तिला ३.७३ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ४.६६ किलोवॅट घ्यावे लागतात आणि तासाला तेवढीच, ४.६६ युनिटे खर्च होतात. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने जाते; मोटर चालून चालून तापते ती त्यामुळेच. जुन्या, दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेल्या मोटरची कार्यक्षमता याहूनही कमी असू शकते.

वायरमन टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचे उपकरण) लावून ७.५ अँपिअर दाखवतो आणि आपण त्यावरून हिशेब करू पाहतो, तेथे आणखी एक घोटाळा होतो. थ्री फेज पुरवठ्यात १.७३२ गुणिले ४१५ व्होल्ट गुणिले ७.५ अँपिअर असा गुणाकार केल्यास आणि हजाराने भागल्यास ५.३९ मिळतात खरे, पण ते केव्हीए, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या नुसत्या गुणाकाराचे माप असते, किलोवॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यांपैकी प्रत्यक्ष किलोवॅट म्हणून घेतला जाणारा भाग, ०.८५ असेल, तर त्याने गुणल्यावर सुमारे ४.६ किलोवॅट येतात. जनरेटर केव्हीएमध्ये विकला जातो, म्हणून तो घेताना हा फरक विसरू नये. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, तेव्हा जनरेटर बराच मोठा लागतो.

अश्वशक्तीही एकच नाही, हे मला स्वतःला बरेच उशिरा कळले. जेम्स वॅटपासून चालत आलेली अश्वशक्ती ७४५.७ वॅटची आहे, तर मोटारगाड्यांच्या माहितीपत्रकात ‘पीएस’ म्हणून येणारी मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची असते. सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणे, अशी तिची व्याख्या आहे. विहिरीच्या भाषेत सांगायचे, तर १० मीटर खोलीवरून सेकंदाला साडेसात लिटर पाणी वर काढणे. दोघींतील फरक सव्वा-दीड टक्क्याचाच असल्याने पंपाच्या हिशेबात तो सोडून दिला तरी चालतो.

आपल्या मोटरचा खरा आकडा हवा असेल, तर शेतावरच्या मीटरवरील नोंद लिहून घ्यावी, दुसरे काहीही न लावता फक्त मोटर बरोबर एक तास चालवावी आणि पुन्हा नोंद घ्यावी. या दोन नोंदींमध्ये जितक्या युनिटांचा फरक पडेल, तितके किलोवॅट आपली मोटर सरासरी घेत आहे.