‘वैयक्तिक कारणास्तव’ असं तुम्ही का लिहून दिलंत?

प्रश्न थोडक्यात: पत्र पाठवणाऱ्या ताई घरी भरतनाट्यमचा वर्ग चालवतात. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी त्यांनी महापालिकेचं नाट्यगृह रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळच्या सत्रासाठी घेतलं होतं. भाडं २६,४०० रुपये, अनामत १०,००० रुपये, दोन्ही आगाऊ भरलेले. ४ नोव्हेंबरला बुकिंगच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘१७ चं थेटर इलेक्शन ट्रेनिंगला गेलं. येऊन भेटा.’ ताई ६ तारखेला गेल्या, दुसरी तारीख मागितली, ती मिळाली नाही. मग त्या कर्मचाऱ्याने सांगितला तसा अर्ज लिहून देऊन आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनामत परत आली, भाडं मात्र ‘नियमानुसार जप्त’ असं पत्र आलं. तेव्हापासून अर्ज, विनंत्या आणि चकरा. ताई विचारतात, ऐनवेळी नाट्यगृह असं काढून घेता येतं का, मानसिक त्रासाची भरपाई मिळेल का, आणि तक्रार केली तर पुढच्या वर्षी तारीख देतील का.

ताई, निवडणुका झाल्या की अशी पत्रं येतातच. कुणाचं लग्नाचं सभागृह जातं, कुणाच्या एकांकिका अडकतात, कुणाचा साठीचा समारंभ गच्चीवर करावा लागतो. त्यामुळे निवडणुकीच्या कामाला सार्वजनिक जागा लागतात, नाट्यगृहावर तुमचा मालकी हक्क नव्हता वगैरे तुम्हाला ठाऊक असलेलं सांगत बसत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल महापालिकेच्या अधिकारावर लागणारही नाही. तो लागेल तुम्ही ६ नोव्हेंबरला स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या चार ओळींवर.

पावतीच्या मागचे नियम तुम्ही फोटो काढून पाठवलेत, ते बरं केलंत. बारीक टायपातला चौदावा नियम वाचा. आरक्षण करणाऱ्याने कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवसांच्या आत आरक्षण रद्द केलं तर भाडं परत मिळणार नाही. महापालिकेने प्रशासकीय कारणाने रद्द केलं तर भरलेली सगळी रक्कम परत मिळेल, नुकसानभरपाई मात्र मिळणार नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो, की आरक्षण रद्द कुणी केलं?

आता तुमचा अर्ज बघा. ‘वैयक्तिक कारणास्तव दि. १७/११/२०२४ रोजीचा कार्यक्रम रद्द करीत असून भरलेली रक्कम परत मिळावी, ही विनंती.’ खाली तुमची सही, कोपऱ्यात आवक क्रमांक आणि शिक्का. कार्यक्रमाला अकरा दिवस उरलेले. महापालिकेचे वकील ग्राहक आयोगासमोर एवढा एकच कागद ठेवतील आणि बसतील. तुम्ही लिहिता, ‘त्यांनीच सांगितलं, असं लिहा म्हणजे पैसे लवकर निघतात.’ हे मला पटतं, कारण खिडक्यांवर हे रोज सांगितलं जातं. छापील साच्यात बसणारा अर्ज आला की त्यांची फाइल पुढे सरकते. पण वर्गाच्या मुलींच्या पालकांकडून फी घेताना तुम्ही पावतीपुस्तक काटेकोर ठेवता असं स्वतःच लिहिलंय, आणि इथे खोटं कारण सांगितलं जातंय हे कळत असताना सही केलीत. ‘निवडणूक प्रशिक्षणासाठी नाट्यगृह दिल्याचे ४ नोव्हेंबर रोजी कळवण्यात आले, त्यामुळे’ इतके शब्द जास्त लिहिले असते तर हे पत्र मला आलंच नसतं.

असो. कागद लिहून गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. स्वतःविरुद्ध दिलेली कबुली हा पुरावा असतो, पण तो निर्णायक पुरावा नसतो, तिचा खुलासा करता येतो. फक्त तो खुलासा तोंडी करून चालणार नाही. तुमच्या अर्जाच्या आधीच्या तारखेचा कागद हवा, ज्यातून दिसेल की तुम्ही ६ ला रद्द करायला गेलात तेव्हा रद्द करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

असा एक पुरावा तुमच्या फोनमध्येच आहे. तो निरोप पुसू नका, फोन विकू नका, नव्या फोनच्या मोहात तो फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर विसंबायचं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतकं ताणत नाही, तरी समोरच्याने ‘हा निरोप आमचा नाही’ म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

दुसरे कागद त्यांच्याकडे आहेत, ते माहितीच्या अधिकारात काढा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ अशी विचारणा करू नका, त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा. नाट्यगृहाच्या आरक्षण नोंदवहीतलं १७ नोव्हेंबर २०२४ चं पान. त्या दिवशी नाट्यगृह निवडणूक यंत्रणेला देण्याबाबत आलेलं पत्र किंवा आदेश, आवक क्रमांकासह. त्यावर महापालिकेने दिलेलं उत्तर. आणि त्या सत्राचं भाडं निवडणूक कार्यालयाकडून आकारलं असल्यास त्याची पावती. हे शेवटचं विसरू नका. एकाच सत्राचं भाडं दोघांकडून जमा झालेलं निघालं, तर समोरच्या वकिलाचा आवाज आपोआप खाली येईल. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. तसाच वेगळा अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात टाका, कारण महापालिकेकडे फाइल ‘सापडत नाही’ तेव्हा ती बहुधा तिथे सापडते.

ते पत्र हातात आलं की त्यावर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० खाली जागा अधिग्रहित करता येते, पण मतदान केंद्रासाठी किंवा मतदानानंतर मतपेट्या ठेवण्यासाठी, आणि तीही लेखी आदेशाने. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्या शब्दांत सरळ बसत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणासाठी साधं ‘सभागृह उपलब्ध करून द्यावे’ असं पत्र येतं आणि महापालिका होकार देते. तसं असेल तर नाट्यगृह देण्याचा निर्णय महापालिकेचा स्वतःचा ठरतो आणि चौदाव्या नियमाचा दुसरा भाग सरळ लागू होतो. आणि खरोखर अधिग्रहणाचा आदेश निघाला असेल तरी घाबरायचं कारण नाही. तेव्हा करार पाळणंच अशक्य झालं, भारतीय करार अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तो रद्दबातल झाला, आणि कलम ६५ सांगतं की रद्दबातल झालेल्या करारातून ज्याला फायदा मिळाला त्याने तो परत करायचा. दोन्ही वाटा २६,४०० रुपयांवरच येतात, अट एकच, पहिलं पाऊल त्यांचं होतं हे तुम्ही दाखवायचं.

समजा दाखवता आलं नाही. तरी दुसरी फळी आहे, थोडी कच्ची, पण आहे. करार अधिनियमाच्याच कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती पूर्ण वसूल करता येते असं नाही, वाजवी भरपाईच मिळते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुळात नुकसानच झालं नसेल तर या कलमाखाली रक्कम जप्त करता येत नाही. त्या रविवारी नाट्यगृह रिकामं नव्हतं. मग महापालिकेचं नुकसान कोणतं? हा मुद्दा तक्रारीत पर्यायी म्हणून घाला. पहिला करू नका, नाहीतर रद्द तुम्हीच केलं हे मान्य केल्यासारखं वाचलं जाईल.

आता मुदत, आणि इथे मला जास्त राग येतो. फेब्रुवारी २०२५ पासून तुम्ही विनंतीअर्ज करत राहिलात. ‘साहेब म्हणाले, बघतो.’ साहेबांच्या बघण्याने मुदत थांबत नसते. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलंय तरी लोक अर्जावर अर्ज देत राहतात आणि पोच जपून ठेवतात. दिवाणी दाव्याचा रस्ता जवळपास बंद झालाय असंच धरा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे अधिनियमाखालच्या कृतीबद्दल महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची नोटीस लागते, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत लागावा लागतो. तुमचा वाद कराराचा आहे, म्हणून हे कलम लागू नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण एवढ्या रकमेसाठी त्या युक्तिवादावर दिवाणी न्यायालयात वर्षं घालवा असं मी सांगणार नाही.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षांची. कधीपासून मोजायची? भाडं जप्त केल्याचं पत्र फेब्रुवारी २०२५ चं, म्हणून तेव्हापासून, असं म्हणायला जागा आहे. पण तुम्ही त्या जागेवर पाय ठेवू नका. नाट्यगृह गेल्याचं ४ नोव्हेंबर २०२४ ला कळलं, तेव्हा तक्रार ३ नोव्हेंबर २०२६ च्या आत दाखल झालीच पाहिजे असं समजून चला. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि ‘साहेब बघतो म्हणाले’ हे सबळ कारण नव्हे. त्याआधी आयुक्तांच्या नावाने एकच नोटीस पाठवा, पोचपावतीसह, तीस दिवसांची मुदत देऊन. ग्राहक आयोगासाठी कलम ४८७ ची नोटीस लागते का यावर वाद घालण्यापेक्षा ती दिलेली बरी. तिच्यात ६ नोव्हेंबरचा अर्ज कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या परिस्थितीत लिहिला हे पहिल्यांदा लेखी येऊ द्या. आजवरच्या एकाही विनंतीअर्जात तुम्ही ते लिहिलेलं नाही, मी सगळे वाचले. माहिती अधिकाराचं उत्तर आलं नाही म्हणून तक्रार अडवून ठेवू नका, ते कागद नंतरही दाखल करता येतील.

महापालिकेसारखी संस्था ग्राहक कायद्यात येते का, ही शंका जुनी आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालानंतर, म्हणजे १९९३ पासून, मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या सार्वजनिक संस्थांना तो बचाव फारसा उरलेला नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार महानगरपालिकेविरुद्ध करा, खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नावाने पक्षकार करू नका. नियम अन्यायकारक आहे असा सूर लावून ‘अनुचित करार’ हा शब्दही तक्रारीत आणू नका. तसल्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि तुम्हाला विनाकारण परत पाठवतील. तुमचं म्हणणं नियम चुकीचा असं नाहीच, तो चुकीचा लावला असं आहे.

दोन अडचणी आहेत, त्यांचं खात्रीने सांगता येणार नाही. पहिली, कार्यक्रम ‘व्यावसायिक हेतूने’ होता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हटलं जाईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी एकट्याने चालवलेल्या वर्गाला कायद्यात सूट आहे आणि तुम्ही तिकीटही लावलं नव्हतं, तेव्हा बहुधा तुम्ही तराल. पण पालकांकडून घेतलेल्या वर्गणीचा हिशेब जवळ ठेवा, तो मागितला जाईल. दुसरी, पावती यजमानांच्या नावावर आहे कारण त्या दिवशी खिडकीवर ते उभे होते. तक्रारदार दोघंही व्हा. अनामत परत घेताना व्हाउचरवर काय लिहिलं होतं ते तुम्ही कळवलेलं नाही. ‘आता काही येणे नाही’ अशा अर्थाचं काही असेल तर नोटिशीपूर्वी मला दाखवा, मग मसुदा बदलावा लागेल.

मानसिक त्रासाची भरपाई मागा, पण तिच्यावर भिस्त नको. चौदावा नियमच भरपाई नाकारतो, आणि आयोगाने दिली तरी ती माफक असेल. पत्रिकांची छपाई, ध्वनिप्रकाशवाल्याला दिलेली इसार यांची बिलं जोडा. भाड्यावर व्याज मागायला मात्र विसरू नका.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, आयोगाची नोटीस समोरच्याला पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल. ज्यांनी आयोगाच्या बाकांवर वेळ काढलाय ते यावर हसतील. तरी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. समोरच्याला लेखी म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, वर जास्तीत जास्त पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय की पंचेचाळिसाव्या दिवसापलीकडे एक दिवसही वाढवता येत नाही. महापालिकांच्या विधी विभागातून फाइल इतक्या लवकर निघतेच असं नाही. आयोगाची नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा, शेहेचाळिसाव्या दिवशी लेखी म्हणणं दाखल करून घ्यायला हरकत नोंदवा. तो दिवस साधला तर ६ नोव्हेंबरचा तुमचा तो अर्ज त्यांना आयोगासमोर मांडणंच अवघड जाईल.

पुढच्या वर्षीच्या तारखेचं म्हणाल, तर तक्रार केली म्हणून सार्वजनिक नाट्यगृह नाकारता येत नाही. तारखावाटपाचा अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या, नाकारलं तर कारण लेखी मागा. आणि पुन्हा कधी तारीख गेली, तर खिडकीवर बसून अर्ज लिहू नका. घरी या, पावतीची मागची बाजू वाचा आणि मग लिहा.