तक्रारींचा आकडा आणि वस्तीची अवस्था

खुल्या सरकारी डेटाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : शहराने नागरी तक्रारींची फाइल सर्वांसाठी खुली केली आहे. तीत एका वस्तीतून आलेल्या खड्ड्यांच्या तक्रारी शेजारच्या वस्तीच्या जवळजवळ तिप्पट दिसतात. तिथले रस्ते तिप्पट खराब आहेत, असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : एवढ्या आधारावर तसे लिहू नये. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी वेळ काढून केलेली एक तक्रार आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांची मोजणी तीत झालेलीच नाही. खड्डा नजरेस पडावा, तक्रार कुठे करायची हे ठाऊक असावे आणि तक्रार केल्याने काही होईल असा भरवसा वाटावा, हे सगळे जुळले तरच ती ओळ फाइलमध्ये येते. वर्षानुवर्षे दाद न मिळालेली वस्ती पुष्कळदा तक्रार करणेच सोडून देते आणि मग कागदोपत्री तीच सुस्थितीत दिसू लागते. बॉस्टनमध्ये २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे ॲप आले. गाडीत मोबाइल ठेवला की बसणाऱ्या धक्क्यांवरून ते खड्डे आपोआप टिपत असे. तक्रार करण्याचे कष्ट त्याने वाचवले खरे. पण स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे कमी, त्या गरीब आणि वयस्कर लोकांच्या वस्त्यांतले खड्डे त्यातून निसटण्याचा धोका राहिलाच.

दुसरा घोळ एकाच गोष्टीच्या अनेक नोंदींचा. शिकागोच्या जुन्या तक्रार-फाइलींत ‘स्थिती’च्या रकान्यात ‘पूर्ण’ याखेरीज ‘पूर्ण – दुबार’ असाही शेरा आढळतो, म्हणजे त्याच कामाची तक्रार आधीच आलेली होती. हा रकाना न पाहता ओळी मोजल्या, तर वर्दळीच्या रस्त्यावरचा एक खड्डा दहा खड्ड्यांचे रूप घेतो. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात घर उबदार नसल्याच्या तक्रारींचा ढीग साचतो. त्यांच्या नोंदीत ‘संपूर्ण इमारत’ आणि ‘फक्त हे घर’ असा भेद केलेला असतो. बॉयलर एकच बंद पडलेला असतो, पण दहा भाडेकरूंनी फोन केले की ओळी दहा होतात. त्या दहा घरांतली थंडी खरीच असते; नादुरुस्त बॉयलर मात्र दहा नसतात. आपण माणसे मोजत आहोत की इमारती, हे आधी ठरवावे लागते.

भागाकारही विचारपूर्वक करावा. दर हजारी लोकसंख्येमागे खड्डे काढण्याची सवय सर्वत्र दिसते, पण खड्डे रस्त्याला पडतात. त्यामुळे रस्त्याच्या लांबीने भागणे अधिक योग्य. शिवाय दुसऱ्या बाजूने आलेली नोंद ताडून पाहावी. शिकागोच्या पोर्टलवर प्रत्यक्ष बुजवलेल्या खड्ड्यांची यादी स्वतंत्रपणे मिळते. तक्रारी आणि बुजवणी यांच्यातली तफावत कुठे मोठी आहे हे पाहिले, तर तिपटीच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल.

‘बंद’ या शब्दावरही फार विसंबू नये. न्यूयॉर्कमध्ये ३११ या क्रमांकावर आलेल्या तक्रारींच्या फाइलीत निराकरणाचे वर्णन सांगणारा एक रकाना असतो. गोंगाटाच्या पुष्कळ तक्रारींपुढे त्यात एवढेच लिहिलेले असते की पोलीस येऊन गेले, त्या वेळी नियमभंगाचा पुरावा दिसला नाही. अशी तक्रारही ‘बंद’च धरली जाते. गोंगाट थांबला होता की पोलीस येईपर्यंत आवाज कमी केला गेला होता, हे त्या ओळीवरून कळत नाही. तक्रारी सरासरी किती दिवसांत ‘सुटल्या’ हे अभिमानाने सांगणारी पत्रके मी त्यामुळे जरा अविश्वासानेच वाचतो.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या प्रभागनिहाय आकड्यांची तुलना करायची आहे. काय सांभाळावे?

उत्तर : प्रभागाचा क्रमांक तोच असला, तरी जमीन तीच आहे का, हे आधी पाहावे. प्रभाग ही निवडणुकीची सोय आहे आणि जनगणनेनंतर त्याच्या सीमा सहसा नव्याने आखल्या जातात. शिकागोचे ५० प्रभाग असेच बदलत आले आहेत. याउलट तिथले ७७ ‘समुदाय-विभाग’ १९२० च्या दशकात विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांनी आखले आणि मोजके अपवाद सोडले तर ते आजही जवळजवळ तसेच आहेत. म्हणूनच त्या शहराच्या गुन्हे-नोंदींत प्रभाग आणि समुदाय-विभाग असे दोन्ही रकाने आढळतात, आणि दीर्घकाळाच्या तुलनेसाठी जाणकार दुसरा रकाना निवडतात. आपल्या शहरात असे स्थिर विभाग नसतील, तर नोंदींतले अक्षांश-रेखांश घेऊन दोन्ही वर्षांच्या नोंदी एकाच नकाशावर बसवाव्यात. लोकांच्या तोंडी असलेली वस्तीची नावे मात्र यासाठी उपयोगाची नाहीत, कारण वस्ती कुठे संपते याबद्दल एकाच गल्लीत दोन मते असू शकतात.

प्रश्न : गुन्ह्यांच्या नकाशावर चोरीचा ठिपका भलत्याच घरावर दाखवला आहे. ही चूक कळवावी का?

उत्तर : बहुधा ती चूक नसून मुद्दाम राखलेली संदिग्धता आहे. शिकागोच्या फाइलीत घर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झाकून त्यांच्या जागी दोन फुल्या टाकलेल्या असतात आणि नकाशावरचा बिंदूही मूळ जागेपासून सरकवून त्याच ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, जेणेकरून ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याचे घर ओळखू येऊ नये. एखाद्या घराविषयी अशा ठिपक्यावरून काहीही म्हणू नये.

ही काळजी अनाठायी नाही. न्यूयॉर्कमधील टॅक्सींच्या २०१३ सालच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची माहिती एका नागरिकाने माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळवून २०१४ मध्ये सर्वांपुढे ठेवली. टॅक्सी आणि चालकांचे क्रमांक सांकेतिक रूपात बदललेले होते, पण या क्रमांकांची घडण ठरावीक असल्याने सगळे संभाव्य क्रमांक त्याच रीतीने बदलून ताडून पाहणे संगणकाला अगदी सोपे गेले आणि मूळ क्रमांक थोड्याच वेळात उघड झाले. पुढे टॅक्सीतून उतरतानाच्या छायाचित्रांशी वेळ आणि जागा जुळवून प्रसिद्ध व्यक्तींचे प्रवासही लोकांनी शोधून काढले. नाव पुसले म्हणजे माणूस पुसला गेला, अशी त्या वेळची समजूत होती.

प्रश्न : डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये पोस्टाचे क्रमांक चार अंकी दिसतात, संकेतस्थळावर मात्र ते पाच अंकी आहेत. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : फाइल ठीक असावी, स्प्रेडशीटने तिला उघडताना सुरुवातीचे शून्य खाल्ले आहे. बॉस्टनचे पोस्टाचे क्रमांक शून्याने सुरू होतात, त्यामुळे ०२१०८ चे २१०८ होते आणि मग नकाशाशी जुळणीच होत नाही. फाइल थेट न उघडता आयात करावी आणि तो रकाना ‘मजकूर’ म्हणून निवडावा. तारखांचेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण अमेरिकी फाइलींत महिना आधी आणि दिवस नंतर असतो. ०३/०४ ला ३ एप्रिल समजून केलेला तक्ता वरवर पाहता अगदी बरोबर दिसतो. बारापेक्षा मोठा दिवस आला आणि तारीख वाचता आली नाही, की मगच घोटाळा लक्षात येतो.